प्लेटची सरळ बाजू

गाडीचा क्लच नीट झाला की बायको निघून जाणार होती, आणि क्लच नीट करायचं काम माझ्याकडेच आलं होतं. यात कुणी कुणाशी वाईट वागत होतं असं नाही. गाडी तिची, जायचं तिला, आणि एवढ्या जुन्या गाडीला हात लावणारा आसपास दुसरा कुणी उरलेला नाही. जे आहेत त्यांना कॉम्प्युटर जोडल्याशिवाय गाडीला काय होतंय ते कळत नाही, आणि आमच्या म्हातारीला कॉम्प्युटर जोडायला जागाच नाही. म्हातारी म्हणजे गाडी. बायको माझ्याहून लहान आहे.

हिने जायचं सांगितलं तेव्हा मी जेवत होतो.

"ताईकडे जाते म्हणते मी," ही म्हणाली. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. तिचं दुसऱ्या गावात शिलाईचं दुकान आहे आणि तिला बऱ्याच दिवसांपासून हाताखाली घरचं माणूस हवं होतं.

"किती दिवस?"

"ते नाही ठरवलं."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं."

हिने माझ्यासमोरचं ताट उचललं. माझं जेवण व्हायचं होतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही आणि मीही काही बोललो नाही. सिंकपाशी पाठमोरी उभी राहून ती म्हणाली, "गाडी घेऊन जाईन. एवढं सामान बसमधून जमायचं नाही. क्लच घसरतोय तेवढा बघ."

"बघतो," मी म्हटलं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, काय दगड माणूस आहे. तर आहे. मागच्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन झालं. हिने तेव्हा जिवाचं रान केलं. हॉस्पिटलच्या बाकावर झोपली, नर्सशी भांडली, माझ्या गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या जेवणापेक्षा जास्त पाळल्या. मी बरा होऊन घरी आलो. डॉक्टरांनी पाठ थोपटली. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला की पुनर्जन्म झाला तुमचा. आणि तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. दुखत नाही, खुपत नाही, राग येत नाही, हसू येत नाही. आमच्या लेकीला मुलगी झाली. फोनवर फोटो आला. मी पाहिला, बाळ आहे हे मला कळलं, आणि मी फोन हिच्या हातात परत दिला. ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, होतं असं काही जणांना, हळूहळू येईल पूर्ववत. या हळूहळूची वाट बघून ही दमली.

"आजारी माणसाबरोबर राहत होते, ते जमलं मला," एकदा ती म्हणाली होती. "बऱ्या झालेल्या माणसाबरोबर राहणं जमत नाहीये." मला तिचं म्हणणं पटलं. मी मान हलवली. तेही बहुधा चुकलंच.

गाडी हिच्या वडिलांची. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, मीसुद्धा. सासरे झाल्यावरही ते माझे उस्तादच राहिले, कारण मी त्यांच्या गॅरेजमध्ये कामाला होतो आणि लग्न झालं म्हणून त्यांनी मला ओरडणं काही कमी केलं नाही. ही शाळेतून यायची ती थेट गॅरेजमध्ये. इतर मुली भातुकली खेळायच्या, तेव्हा ही बेअरिंग धुवायची. उस्तादांनी जाताना गाडी हिच्या नावावर केली. मला म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. जावई काय, दुसरा मिळेल. ही गाडी दुसरी मिळायची नाही." सगळे हसले होते. मीही हसलो होतो. तेव्हा मला हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गाडी घेऊन घरामागच्या चढावर गेलो. क्लचचं दुखणं सपाट रस्त्यावर लपून राहतं, चढावर उघडं पडतं. ही चालवत होती, मी शेजारी. हिने अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला तसं इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी आपली होती त्याच चालीने रांगत राहिली. मागून एक सायकलवाला आला आणि आमच्याकडे बघत पुढे निघून गेला. आत करपल्याचा वास भरला.

"घसरतोय," ही म्हणाली.

"हो."

"वरच्या गिअरला जास्त."

"हो."

"नुसता हो हो काय करतोयस? ऐकलंस तरी का नीट?"

"ऐकलं. घसरतोय."

परत अंगणात आलो आणि उस्तादांच्या पद्धतीने खात्री केली. हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकायचा, थोडी रेस द्यायची आणि क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन आचका देऊन बंद पडतं. आमचं बंद पडलं नाही. आपल्याला काही सांगितलंच नाही असं खुशाल फिरत राहिलं. हिने चावी फिरवून बंद केलं.

समोरच्या घराच्या कठड्यावर पेन्शनर येऊन उभे राहिले होते. हे गृहस्थ कुठल्याशा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या अंगणाचे साहेब झाले. उंटावरून शेळ्या हाकणं त्यांच्याकडून शिकावं.

"पेट्रोलमध्ये पाणी असेल हो," ते ओरडले.

"क्लच आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी. पाण्यामुळे होतं तसं."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पूर्वी मला त्यांचा राग यायचा आणि ही मला मागून चिमटा काढायची. या वेळी तिने काढला नाही, काढायची गरजच नव्हती.

क्लच घसरतो म्हणून लगेच सगळं खोलायला धावायचं नसतं. आधी पेडल बघायचं. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवी. ती संपली असेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि मग घसरणारच. कधी कधी नुसता एक नट फिरवून काम होतं आणि गिऱ्हाईक आपल्याला देव समजतं. मी गाडीखाली गेलो, ही सीटवर बसली. उस्तादांच्या गॅरेजमध्ये नियम होता. खालच्याने बोलायचं, वरच्याने करायचं. वरच्याने तोंडातून ब्र काढायचा नाही, कारण खालच्याचे हात मशीनमध्ये असतात.

"दाब," मी म्हणालो.

तिने दाबलं.

"सोड."

तिने सोडलं.

"हळू. परत दाब."

असं बराच वेळ चाललं. त्या महिन्यात आम्ही एकमेकांशी एवढं कधी बोललो नव्हतो. चाल बरोबर होती. तरी नट थोडा सैल करून पाहिला, पुन्हा हँडब्रेकवर पाहिलं. इंजिन फिरतच राहिलं. मग मी क्लचच्या डब्याला खाली जे छोटं भोक असतं त्यात बोट घातलं. बाहेर आलं ते काळं आणि ओलं. बोटाचा वास घेतला. ऑइल, आणि ऑइलमध्ये करपलेलं काहीतरी. मी बाहेर येऊन बोट खिडकीतून तिला दाखवलं.

"सील गेलं," ती म्हणाली. सील म्हणजे ऑइल अडवणारी कडी.

"गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

"किती दिवस?"

"दोघं लागलो तर आठवड्यात होईल."

तिने मान डोलावली. त्या वेळी मी म्हणू शकलो असतो की क्लचची प्लेट मिळत नाही, सील मिळत नाही, असल्या गाडीचं काही मिळत नाही. खरंही वाटलं असतं. मला ते सुचलंच नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. समोर खराब क्लच होता आणि पुढची पायरी गिअरबॉक्स उतरवणं ही होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही गाडी दुरुस्त करताय?"

"हो."

"आई जाणार आहे म्हणून?"

"क्लच घसरतोय म्हणून."

"बाबा, तुम्हाला कळतंय ना काय चाललंय?"

"कळतंय."

"मग काहीतरी बोला ना तिच्याशी! जाऊ नको म्हणा. एवढं एक वाक्य."

"बघतो," मी म्हटलं. लेकीने फोन ठेवला. मी खरंच बघणार होतो. वाक्य काही अवघड नव्हतं. पण मनात नसताना ते म्हणायचं म्हणजे हिला फसवल्यासारखं झालं असतं, आणि हिला फसवता येत नाही. इंजिनाच्या आवाजातला फरक जिला पलंगावरून ऐकू येतो, तिला माझ्या आवाजातला आला नसता?

काम सुरू झालं. गाडीतल्या पुढच्या सीट काढल्या, पायाखालच्या लाकडी फळ्या उचलल्या, तेव्हा गिअरबॉक्स वरून उघडा दिसायला लागला. मग मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवला. गाडी घोड्यांवर चढवलेली होती, म्हणजे त्या लोखंडी तिपायांवर. मी खालून बोल्ट काढत होतो आणि ही वरून, गाडीत गुडघ्यावर बसून, त्या फळ्यांच्या जागेतून हात घालत होती. खालून मला तिचे फक्त हात दिसायचे, कोपरापर्यंत. नखांत ग्रीस गेलेलं.

गिअरबॉक्स सुटायची वेळ आली तेव्हा मी सवयीने हात लावला.

"हात काढ," ही वरून ओरडली. नियम मोडून ओरडली. "जड उचलायचं नाही सांगितलंय ना तुला?"

"आता बरा आहे मी."

"हात काढ म्हणते ना!"

मी हात काढला. तिने गिअरबॉक्स जॅकवर तोलून धरला, इंच इंच मागे घेतला, मग खाली येऊन, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत, एका जुन्या टायरवर उतरवला. मी नुसता जॅकचा दांडा सोडत होतो. जी बाई मला सोडून जाणार होती, ती माझ्या छातीचे टाके जपत होती. हे मला तेव्हा जाणवलं, पण बातमी वाचावी तसं जाणवलं.

प्लेट बाहेर काढली तर तिच्यावरचं लायनर, म्हणजे पकड धरणारा थर, पार रिव्हेटपर्यंत झिजलेलं आणि ऑइल पिऊन काचेसारखं गुळगुळीत झालेलं. सील बोटाने दाबलं तर त्याचे तुकडेच पडले.

"उभ्या गाडीचं सील वाळतं," ही म्हणाली. माझ्या आजारपणात गाडी अंगणात उभीच होती. कुणाला वेळ होता चालवायला?

लायनर मारणाऱ्याचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. मी एकटाच गेलो. त्याने प्लेट उलटसुलट करून पाहिली, जुने रिव्हेट उडवले आणि नवं लायनर ठोकायला घेतलं. जुना ओळखीचा माणूस. ठोकता ठोकता म्हणाला, "लांब निघालात वाटतं दोघं?"

"ती निघाली आहे."

"आणि तुम्ही?"

"मी क्लच बसवतोय."

तो हसला. विनोद केला असं त्याला वाटलं असावं. मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला आणि रिव्हेट ठोकत बसला. जाताना प्लेट कागदात गुंडाळून देत म्हणाला, "जपून जा म्हणावं वहिनींना." मी बरं म्हटलं, आणि घरी येऊन तिला तसा निरोपही दिला.

सील बसवलं, ऑइलचा मागमूस राहू नये म्हणून फ्लायव्हील पेट्रोलने पुसून लख्ख केलं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या मागचं ते जड चाक. प्लेट त्याच्यावर बसते आणि मागून तिला प्रेशर प्लेट दाबून धरते. सगळी गंमत त्या दाबून धरण्यात आहे. बसवायच्या दिवशी मी खाली उताणा पडलो आणि ही वर तिच्या जागेवर.

प्लेटला दोन बाजू असतात. एका बाजूचा मधला भाग सपाट असतो, दुसऱ्या बाजूचा उंच. सपाट बाजू इंजिनाकडे, उंच बाजू गिअरबॉक्सकडे. उलटी बसवली तरी ती बसते, बोल्टही आवळले जातात, वरून काही कळत नाही. कळतं ते सगळं जोडून झाल्यावर, गाडी चालू करून गिअर टाकायला गेलं की. पेडल कितीही दाबा, क्लच सुटत नाही. गिअर दात खातो. मग परत सगळं उतरवायचं, पहिल्यापासून. नवखा माणूस ही चूक आयुष्यात एकदा करतो आणि उस्तादांच्या शिव्या खाऊन पुन्हा करत नाही. म्हणूनच त्यांच्याकडे दुसरा नियम होता. खालच्याच्या हातात वस्तू द्यायची ती बसवायच्या बाजूनेच द्यायची, म्हणजे त्याला विचार करावा लागत नाही. ही त्या नियमात वाढलेली. झोपेतून उठवून प्लेट दिली असती तरी तिने सरळच दिली असती.

"प्लेट," मी म्हटलं.

हात खाली आला. प्लेटची उंच बाजू इंजिनाकडे होती.

मी बघितलं. प्लेट उलटी होती. मला वाटलं, दमली असेल. इतके दिवस वाकून काम करतेय, डोक्यात सामानाची बांधाबांध, ताईचे फोन. झाली चूक. उस्तादांच्या मुलीला तिची चूक कशाला दाखवायची, आणि तीही जाता जाता? मी काही न बोलता प्लेट घेतली, हातातल्या हातात फिरवली आणि सरळ बाजूने फ्लायव्हीलवर ठेवली. मला वाटलं मी तिची लाज राखली. खोटं सांगत नाही, बऱ्याच महिन्यांनी मला जरासं बरंही वाटलं.

तिचा हात मात्र तिथेच राहिला होता, त्या जागेत, मोकळा. काही मागितल्यासारखा.

"पुढचं दे," मी म्हटलं.

हात वर गेला. प्रेशर प्लेट खाली आली, ती बरोबर बाजूने. प्लेट मधोमध राहावी म्हणून उस्तादांनी बनवलेला लाकडी दांडा घातला, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. वरून तिला माझे खांदे दिसत असतील, त्यापलीकडे काही दिसणं शक्य नव्हतं. गिअरबॉक्स चढवला, मागच्या चाकांचा दांडा जोडला, फळ्या टाकल्या, सीट लावल्या. सगळं होईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. नियमच होता तसा.

गाडी घोड्यांवरून उतरवली ती दुपार टळल्यावर. ही चालकाच्या जागेवर बसली, मी दाराशी उभा राहिलो. तिने चावी फिरवली. इंजिन लागलं. तिने क्लच दाबला आणि हात गिअरच्या दांड्यावर ठेवला, पण टाकला नाही. तशीच बसून राहिली. तिच्या मानेवरची शीर उडत होती. मला वाटलं, नवीन काम आहे, जपतेय.

"टाक ना," मी म्हटलं.

तिने टाकला. गिअर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. काही आवाज नाही.

तिने तो परत काढला. पुन्हा टाकला. पुन्हा काढला. मग हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला, रेस देऊन क्लच सोडला. इंजिनाने आचका दिला आणि बंद पडलं. क्लच उत्तम झाला होता. उस्तादांनीसुद्धा नाव ठेवलं नसतं.

"झालं," मी म्हटलं.

ही समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होती.

"प्लेट मी कशी दिली होती तुला?"

"उलटी."

"दिसलं तुला?"

"दिसलं."

"मग?"

"सरळ केली."

"बोलला का नाहीस?"

"चूक झाली असेल म्हटलं. बोलून दाखवायचं कशाला?"

तिने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी हॉस्पिटलमध्ये गुंगीत होतो तेव्हा शुद्धीवर येतोय का हे बघायला पाहायची, तशी.

"मी बेअरिंग धुवायला लागले तेव्हा मला धड लिहिताही येत नव्हतं," ती म्हणाली. "माझी चूक होईल?"

मी दाराला लागलेलं ग्रीस बोटाने पुसलं.

"दिवसभर ठरवत होते. म्हटलं, उलटी देऊन बघू. याला दिसेल. दिसणारच, याचे डोळे काही गेलेले नाहीत. मग हा विचारेल, का गं, हे काय? ओरडेल तरी. मी सांगणार होते."

"काय?"

"की नाही जायचं मला."

इंजिन तापलेलं होतं, त्याच्या पत्र्याचा टिक टिक आवाज येत होता. मला कळत होतं की आता काहीतरी करायला हवं. जे आधी सुचलं ते बोललो.

"परत उतरवतो. उलटी बसवतो."

ती हसली. त्या हसण्यात काही नव्हतं.

"तेही करशील तू. मी सांगितलं म्हणून."

"मग विचारतो ना आता. का उलटी दिलीस?"

"आता कळलंय तुला," ती म्हणाली, "आता विचारून काय?" आणि उतरून घरात गेली. जाताना दार हलक्या हाताने लावलं. म्हातारीचं दार आपटायचं नसतं.

मी अंगणात पसरलेले पाने पुसले आणि पेटीत जागच्या जागी लावले. हात धुतले. आत गेलो तेव्हा तिने जेवण वाढलं होतं. जेवताना मी म्हणालो, "ताईंना माझा नमस्कार सांग." ती म्हणाली, "सांगते." माझ्या गोळ्या कुठल्या डब्यात कशा लावून ठेवल्यात ते तिने मला दोनदा समजावलं.

सकाळी सामान मागच्या सीटवर रचलं. मी हवा बघितली, पाणी बघितलं, काच पुसली. सगळं करून झालं आणि करण्यासारखं दुसरं काही सापडेना. तिने गाडी चालू केली. मी फाटक उघडलं. कुणीतरी उघडायलाच हवं होतं. गाडी मागे घेताना ती मान वळवून मागे बघत होती. पुढून जाताना क्षणभर माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, "गोळ्या घे वेळेवर." मग गेली.

मी रस्त्यात उभा राहून ऐकत होतो. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक गिअरला गाडी अशी उचलत होती की इंजिनाचा जोर जराही वाया जात नव्हता. वळणावर तिने गिअर बदलला तोही कळला नाही. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. आवाज लहान लहान होत गेला, आणि तो पूर्ण गेला तेव्हा माझ्या छातीत दुखायला लागलं. टाक्यांचं दुखणं मला माहीत आहे. हे ते नव्हतं. मला ती हवी होती. घरात हवी होती, सिंकपाशी, वरच्या जागेवर, माझ्यावर ओरडत. मी मागे येऊन फाटक धरलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायचंही मला सुचेना.

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. पेन्शनर त्यांच्या कठड्यावर होते.

"गेल्या का वहिनी?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे नीट पाहून ते कठड्यावर पुढे झुकले. "काय हो, काय झालं?"

"मला ती जायला नको होती," मी म्हणालो. पहिल्यांदा म्हणालो, आणि त्यांना म्हणालो.

त्यांनी गाडी गेली त्या वळणाकडे पाहिलं.

"मग गाडी नीट कशाला केलीत?" ते म्हणाले.